कागद तपासले, घर कोण तपासणार?

चार वर्षांपूर्वी आम्ही सिंहगड रोडला रीसेलचा टू बीएचके घेतला. शेवटचा मजला. बघितला एप्रिलमध्ये, नुकताच रंग दिलेला. मालक म्हणाले, "तुम्हाला त्रास नको म्हणून आधीच रंगवून घेतलं." मला माणूस फार सज्जन वाटला.

जुलैत बेडरूमच्या कोपऱ्यात पोपडे सुटले. कपाट सरकवलं तर मागची भिंत गारढोण, आणि आईच्या ठेवणीतल्या साडीवर बुरशी. रंगाचा अर्थ तेव्हा कळला.

वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास, काढून घेतला होता. शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी, सगळं चोख. पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, म्हणजे ६० लाखांच्या घराला ४ लाख २० हजार. तेही मुकाट भरतो आपण. घर मात्र पाऊण तासात बघितलं, त्यातला अर्धा वेळ चहात गेला.

"बँकेचा इंजिनिअर बघून गेलाय की!" ही मी स्वतःची घातलेली समजूत. अहो, तो व्हॅल्युएशनला येतो. हप्ते बुडाले तर घर विकून बँकेचे पैसे निघतील का, हे त्याला बघायचं असतं. आपल्या भिंतीतल्या ओलीशी त्याला काय देणंघेणं?

म्हणून गेल्या महिन्यात मेहुण्याला घर पसंत पडलं तेव्हा इसार द्यायच्या आधी हट्टानं एका सिव्हिल इंजिनिअरना घेऊन गेलो. त्यांनी खिशातून नाणं काढलं आणि लादी वाजवत निघाले. टण, टण, टण... आणि मग बद्द. हॉलमध्ये सात लाद्या खालून पोकळ. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतलं, ते जाळीकडे न जाता दाराशी आलं. मेन बोर्डवर ईएलसीबीचं, म्हणजे वीज गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, टेस्टचं बटण दाबलं. स्विच पडायला हवा होता, ढिम्म हलला नाही. माझा भाचा तीन वर्षांचा आहे, बोटं कुठेही घालतो. शेवटी पार्किंगमधल्या कॉलमवरच्या उभ्या भेगा दाखवल्या. आतली सळई गंजून फुगली की वरचं काँक्रीट असं फुटतं म्हणे. इमारत ३० वर्षांच्या पुढची, म्हणजे सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, व्हायला हवी. रिपोर्ट मागितला तर सेक्रेटरी म्हणाले, शोधावा लागेल.

नवीन घर घेणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. रेरा या बिल्डरांवरच्या कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत दाखवलेला बांधकामाचा दोष बिल्डरनं ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. पण दाखवायला तो आधी आपल्याला दिसायला हवा ना!

मेहुण्यानं यादी मालकांपुढे ठेवली. "घर घ्यायला आलात की खोड्या काढायला?" म्हणून ते आधी भडकले, दोन दिवसांनी दीड लाख कमी करायला तयार झाले. इंजिनिअरची फी साडेसहा हजार. मेहुणा तरी ऑडिटचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय इसार देणार नाहीये.

आमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग सोसायटीच्या मीटिंगमध्ये अजून 'पुढच्या वेळी घेऊ'वरच आहे. कपाट भिंतीपासून वीतभर लांब ठेवलंय.