‘मध्यमेंदू जागृती’चा व्हिडिओ: पट्टी बांधून मुले कशी वाचतात?

सुट्ट्या लागल्या की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरू लागतो. डोळ्यांवर पट्टी बांधलेली मुलगी नोटेवरचा नंबर वाचते, पत्त्यांचे रंग ओळखते. सोबत शिबिराच्या जाहिरातीचा मजकूर: ‘दोन दिवसांत मुलांचा मध्यमेंदू जागृत करा, स्मरणशक्ती वाढवा.’

हा दावा खोटा आहे. मध्यमेंदू म्हणजे मेंदूच्या मधला एक छोटा भाग; तो झोपलेला नसतोच. डोळ्यांच्या हालचाली, प्रकाशात बाहुली आकसणे, आवाजाच्या दिशेने वळणे ही त्याची कामे जन्मापासून चालू असतात.

मूल वाचते ते पट्टीखाली नाकाजवळ राहिलेल्या फटीतून. व्हिडिओ पुन्हा नीट पाहा: वस्तू नाकाच्या खाली, छातीजवळ धरलेली असते, हनुवटी किंचित वर. तीच वस्तू कपाळासमोर धरा किंवा फट कापसाने पक्की बुजवा, वाचन थांबते.

पण म्हणून मुलाला रागावू नका. आईबाबांनी भरमसाट फी भरली आहे, बाकीची मुले ‘दिसतं’ म्हणताहेत, सर शाबासकी देताहेत. अशा वेळी आठ वर्षांच्या पोराने खरे सांगायचे तरी कसे? मला सर्वांत जास्त त्रास याचाच होतो. आणि ज्याला फट सापडत नाही, ते पोर स्वतःला ढ समजून घरी येते.

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाची आधी नजर आणि ऐकू येणे तपासा. वाचन-लेखनाची अडचण हटतच नसेल, तर अध्ययन अक्षमतेची (डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणीची) तपासणी करून घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळही मिळतो.