ट्राउट हिमालयाचा मूळचा नव्हे

हिमाचलातल्या मनाली-तीर्थनच्या सहली सुरू झाल्या की एक मेसेज हमखास फिरतो: ट्राउट हा हिमालयाचा मूळचा मासा, तो दिसला म्हणजे नदीचं पाणी पिण्याइतकं शुद्ध, आणि हॉटेलात ताटात येतो तो त्याच नदीतला. तिन्ही गोष्टींत गडबड आहे.

सिंधू-गंगेच्या खोऱ्यांत निसर्गतः ट्राउट नव्हताच. ब्राउन ट्राउट युरोप आणि पश्चिम आशियाचा. त्याचं आपल्याला सगळ्यात जवळचं मूळ घर हिंदुकुशपलीकडे, मध्य आशियातल्या आमू दर्या नदीच्या खोऱ्यात. गळ टाकायच्या हौसेपायी इंग्रजांनी अंडी मागवली. १८९९ची काश्मीरची पहिली खेप वाया गेली, पुढच्या वर्षीची जगली. १९०९च्या सुमारास कुलूची पाळी आली.

‘पण स्नो ट्राउट तर आपलाच ना?’ आपलाच, पण तो रोहू-कटल्याच्या कुळातला. उत्तराखंडात त्याला असेला म्हणतात. हातात धरून बघा: खऱ्या ट्राउटच्या पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक छोटा मांसल पर असतो, असेल्याला तो नाही. असेल्याचं तोंड खालच्या बाजूला, दगडावरचं शेवाळ खरवडायला सोयीचं. ब्राउन ट्राउट शिकारी; किडे खातो, लहान मासेही. असेला आज आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ‘असुरक्षित’ आहे. धरणं आणि बेसुमार मासेमारीच्या जोडीला ट्राउटकडेही बोट दाखवलं जातं. ‘मूळचा’ म्हणून कौतुक मात्र ट्राउटचं!

शुद्धतेच्या दाव्यात थोडं तथ्य आहे. ब्राउन ट्राउटची मादी थंडीच्या तोंडावर खडीत खळगा करून अंडी घालते. त्या खडीतून गार पाणी खेळतं राहावं लागतं. गाळ बसला की अंडी गुदमरतात. म्हणजे पाणी थंड आणि प्राणवायू भरपूर, एवढं कळलं. जुलाबाच्या जंतूंशी ट्राउटला काही सोयरसुतक नाही. शिवाय मत्स्य विभाग नदीत पिल्लं सोडतो, तेव्हा मासा दिसला म्हणजे तो तिथेच जन्मला असंही नाही.

राहिला ताटातला. तो बहुधा रेनबो ट्राउट, मूळ उत्तर पॅसिफिककडचा, सिमेंटच्या लांबट टाक्यांत खाद्य घालून वाढवलेला. कुलूतल्या पतलीकुहलच्या सरकारी मत्स्य केंद्रात नॉर्वेच्या मदतीने ही मत्स्यशेती रुजली. अंगावर गुलाबी पट्टा दिसला की ओळखा. खुशाल खा, नदीतल्या माशावर ताण नाही. मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कुणी ‘अगदी नदीतला’ म्हणून खपवू लागला तर विचारा, धरला कसा? त्या महिन्यांत हिमाचलात नदीतला ट्राउट धरायला बंदी असते.