खुर्चीवर उभा राहा, बाळ

शनिवारी सकाळी कोथरूडमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये सत्तरीतल्या एका गृहस्थांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीवर उभं केलं आणि भरल्या हॉलसमोर दरडावलं, “आधी शर्ट खोच!” माझं वय बेचाळीस. आणि तो शर्ट बाहेर सोडायचाच असतो.

निमित्त, ‘मुलांच्या भावनिक गरजा समजून घेताना’ ही पालक कार्यशाळा. आमंत्रण प्रेमाचं, उपस्थिती सक्तीची. “मला समजतात गरजा, तू जा,” असं म्हणून बायकोने विषय मिटवला होता.

आजोबा माझ्या शेजारी होते. मुलगा हिंजवडीला, “त्याचं शनिवारीसुद्धा काहीतरी लाइव्ह जातं म्हणे,” सून माहेरी, म्हणून नातवाच्या भावना समजून घ्यायला हे. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत वही.

समुपदेशक मॅडमनी पडद्यावर भावनांचं रंगीत चक्र दाखवलं. रॉबर्ट प्लुचिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० साली मांडलेलं. मूळ भावना आठ. आजोबांचा हात वर.

“आठच का? नाट्यशास्त्रात भरतमुनींनीही आठच स्थायीभाव, म्हणजे मूळ भावना, सांगितलेत. रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. मग १९८० साली नवीन काय केलं?”

“वा! तुम्हाला अभिमान वाटतोय, हो ना काका?”

“अभिमान त्या आठांत नाही.”

मग यांच्या चक्रात रती का नाही, यावर बराच वेळ गेला. पहिलीच्या मुलांचे आईबाप खाली माना घालून ऐकत होते.

त्यानंतर प्रात्यक्षिक. मी मूल, आजोबा पालक. मुलाला क्लासला जायचं नाहीये. नियम असा, की मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर यायचं, त्याच्या भावनेला नाव द्यायचं, उपदेश नंतर. मी सतरंजीवर मांडी घातली. आजोबांचे दोन्ही गुडघे बदललेले. “मला खाली येता येणार नाही. तू वर ये.” मी उभा राहिलो. गृहस्थ सहा फुटी. “अजून चार बोटं कमी पडतायत,” म्हणत त्यांनीच खुर्ची ओढली. खुर्चीवर चढल्यावर मी त्यांच्या हातभर वर गेलो. “आता जास्त झालास,” म्हणाले, पण उतर म्हणाले नाहीत.

“क्लासला का जायचं नाही?”

“कंटाळा आलाय, बाबा.” हे मी अगदी मनापासून म्हणालो.

“काका, भावनेला नाव द्या,” मॅडम.

“आळस.”

“आळस ही भावना नाही हो.”

“व्यभिचारी भाव आहे, म्हणजे येऊन-जाऊन असणारा. भरतमुनींच्या तेहतिसांतला एक. बघा जाऊन.” आणि माझ्याकडे वळून, “आधी शर्ट खोच!”

टाळ्या. व्हिडिओ संध्याकाळपर्यंत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पोचला होता. तो तिथे कसा गेला, हे मी अजून शोधतोय.

मॅडम भल्या होत्या. उपदेशाआधी ऐकून घ्या, हे पटलंही. पण ऐकून कोणी घ्यायचं? प्रश्नोत्तरांत मी विचारलं. २०२४ साली सरकारने आदेश काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आत भरवू नका, मुलांची झोप होत नाही. माझी मुलगी पाचवीत. चौथी पास झाली की झोप आपोआप पुरते का? तिची व्हॅन सव्वासहाला येते. डोळे मिटूनच ती मोजे चढवते, बऱ्याचदा टाच वर. पीटीचा तास गणिताला जातो. यात पालकाने कोणत्या भावनेला काय नाव द्यायचं?

मॅडम दोन पावलं पुढे आल्या. “तुमच्या आवाजात मला राग ऐकू येतोय. मी तो स्वीकारते.”

मुख्याध्यापिका मोबाइलमध्ये बघत होत्या.

“अहो, राग आम्हालाही ऐकू येतोय,” आजोबा म्हणाले. “वेळेचं काय ते सांगा.”

चहा आला म्हणून जाहीर झालं. चहाबरोबर अभिप्रायाचा फॉर्म. त्यावर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची रांग, एकावर खूण करायची, लिहायला ओळ नाही. आजोबांनी फॉर्म उलटा केला, मागची कोरी बाजू बारीक अक्षरात भरून काढली, माझी सही घेतली आणि दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला विचारलं, “याची पोच कुठे मिळेल?”

“सोमवारी या,” शिपाई म्हणाला. “पण लवकर येऊ नका. ऑफिस दहाला उघडतं.”