करंट संत्र्याचा नाही, खिळ्याचा

फॅमिली ग्रुपवर तो व्हिडिओ सकाळपासून तिसऱ्यांदा आला. चार संत्री, त्यात खुपसलेले खिळे आणि तांब्याच्या तारा, पुढे चार्जिंगची केबल, आणि मोबाईलवर चार्जिंगची खूण. खाली लिहिलंय की नागपूरकरांनो गर्व करा, आपल्या संत्र्यात वीज आहे, 4 संत्र्यांत मोबाईल फुल होतो, नंतर तीच संत्री खाता पण येतात, आणि मेलेल्या इन्व्हर्टर बॅटरीत रस ओतला तर ती पण उठून बसते, कंपन्या हे लपवून ठेवतात वगैरे वगैरे. मी बारावीच्या पोट्ट्यांना केमिस्ट्री शिकवतो, त्यामुळे सगळे मलाच विचारून राहिले की खरं आहे का, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, "संत्र्यात वीज आहे". नाही ना बाप्पा. हार्डवेअरच्या दुकानातून एक जीआय खिळा आणा (जस्ताचा मुलामा असलेला), वायर सोलून तांब्याची तार काढा, दोन्ही एकाच फोडीत टोचा आणि मल्टिमीटर लावा. आमच्याकडे काल 0.9 व्होल्टच्या आसपास आला. मग खिळा काढला आणि त्याच भोकात दुसरी तांब्याचीच तार घातली, तर जवळजवळ शून्य. संत्रं तेच, रस तोच, मग वीज गेली कुठं? नंतर तोच खिळा आणि तीच तार बटाट्यात टोचली, मग मिठाच्या पाण्यात बुडवली, आकडा थोडा खालीवर झाला पण व्होल्टेज आलं.

होतं काय की जस्ताला इलेक्ट्रॉन सोडायची घाई असते. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन खिळ्यातच सोडतो आणि स्वतः आयन (विजेचा भार असलेला अणू) होऊन रसात उतरतो, आणि रसातल्या ॲसिडचे हायड्रोजन आयन ते इलेक्ट्रॉन घ्यायला टपूनच असतात. जस्ताचा तुकडा सरळ ॲसिडमध्ये टाकला तर ही देवाणघेवाण जागच्या जागी उरकते, बुडबुडे येतात, भांडं गरम होतं, झालं, ऊर्जा उष्णतेत गेली. बॅटरीची सगळी करामत एवढीच की देणारा एकीकडे ठेवायचा आणि घेण्याची जागा दुसरीकडे, तांब्यावर. मधल्या रसातून आयन जाऊ शकतात पण इलेक्ट्रॉन नाही, त्याला बाहेरच्या तारेनंच फिरून जावं लागतं, आणि त्या फिरून जाण्याच्या वाटेवर आपण बल्ब बसवतो. खर्च होते ते जस्त, खिळा हळूहळू खाल्ला जातो. म्हणजे खनिजातून जस्त काढताना कारखान्यात जी ऊर्जा घातली, तिचाच थोडा भाग तुम्ही परत घेऊन राहिले.

ही चूक नवीन नाही म्हणा. इटलीत गॅल्व्हानीनं 1791 मध्ये हेच लिहिलं होतं, मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातू लावले की पाय झटका मारतो, म्हणजे वीज बेडकात आहे. व्होल्टा म्हणाला वीज बेडकाची नाही, दोन वेगळ्या धातूंची आहे, आणि 1800 साली त्यानं बेडूक बाजूला ठेवून जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्याचे बोळे घालून पहिली बॅटरीच उभी केली. आपल्या फॉरवर्डवाल्यानं बेडकाच्या जागी संत्रं ठेवलं एवढंच.

आता 4 संत्र्यांत मोबाईल. चार एकापुढे एक जोडली तर 3.6 व्होल्ट, यूएसबीला लागतात 5, म्हणजे फोनला कळणार पण नाही की कोणी काही जोडलंय. व्होल्टेज सोडा, करंट तर फारच बारीक असतो, अर्धा मिलिअँपिअर मिळाला तरी खूप. लोड लावला की व्होल्टेज पण बसतं, अर्ध्यावर आलं धरा, मग एका संत्र्याचे पाव मिलिवॅट. 5000 एमएएचच्या फोनमध्ये साधारण 19 वॅट-अवर मावतात, भागाकार करा, चार संत्र्यांना दोन वर्षांच्या वर लागतील आणि संत्रं आठवड्यात सडते. साध्या 5 वॅटच्या चार्जरचा वेग पाहिजे असेल तर 20 हजार संत्री, कळमन्याच्या फळबाजारातून गाडीच मागवा. व्हिडिओत टेबलाखाली पॉवर बँक असणार, अजून काय. हां, लाल एलईडी मिणमिणतो, पोट्टे खूश होतात, तेवढं खरं.

ती संत्री खाऊ नका, रसात जस्त आणि लोखंड उतरलेलं असतं. आणि कंपन्या काय लपवतील, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी एक तरी लिंबाची बॅटरी असते.

इन्व्हर्टरवाला मुद्दा मात्र डेंजर आहे. मामाजींचा लगेच फोन, "अरे, लाईन गेली की पंखा अर्ध्या तासात बंद पडते, दोन संत्र्यांचा रस टाकून पाहू काय?" म्हटलं मामाजी, हात लावू नका, मी येतो. त्या बॅटरीत आधीच सल्फ्युरिक ॲसिड असतं, एक प्लेट शिशाची, दुसरी शिशाच्या ऑक्साइडची. वापरताना दोन्हीवर लेड सल्फेट बसतं, ॲसिड खर्च होतं आणि पाणी तयार होतं, चार्जिंगला लावलं की हेच उलटं. नागपूरच्या 45 डिग्रीत कमी होतं ते फक्त पाणी, ॲसिड आतच राहते, म्हणून वरून टाकायचं ते डिस्टिल वॉटर. रसातली साखर, चोथा, क्षार प्लेटांवर बसले तर होती तेवढी पण जाईल. जाऊन पाहिलं तर सहाच्या सहा सेलचे (बॅटरीतल्या कप्प्यांचे) पाण्याची पातळी दाखवणारे तरंगते दांडे खाली लाल खुणेवर, उन्हाळाभर कोणी पाणीच टाकलं नव्हतं. पाणी भरलं, रात्रभर चार्जिंगला ठेवली, सकाळी हायड्रोमीटर (ॲसिड किती दाट आहे ते मोजायची नळी, आकडा जास्त म्हणजे चार्ज जास्त) लावला तर पाच सेल 1240 च्या वर आणि एक 1150 वरच अडकलेला. तो सेल बहुतेक गेला, मामाजींना दिवाळीपर्यंत नवीन बॅटरी घ्यावी लागेल.