अचानक

आम्ही अमरावतीचं लग्न आटोपून दुपारी तीन वाजता नागपूरच्या प्रतापनगरला परतलो. मे महिना, पारा ४५ वर, आणि आमच्या इमारतीचा जिना ओला. ‘कोणाचा तरी कूलर भरून वाहून राहिला,’ मी म्हणालो, आणि दुसरा मजला येईपर्यंत लोकांना पाण्याची किंमत कशी नाही यावर बऱ्यापैकी जोरात बोललो. मग दाराचं कुलूप उघडलं.

आत माझ्या चपलेचा जुना जोड मला घ्यायला उंबऱ्यापर्यंत तरंगत आला होता. पाणी घोट्यापर्यंत, आणि चांगलं कोमट. गच्चीवरच्या टाकीतलं, मे महिन्याचं. न्हाणीघराच्या भिंतीतला लोखंडी पाइप फुटला होता. दोन दिवस टाकी भरत होती आणि आमचा हॉल ती रिकामी करत होता.

बायको बॅग हातात धरूनच म्हणाली, ‘मी सांगून ठेवलं होतं.’

बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते मला पंख्याच्या आवाजासारखं वाटतं. पण या वेळी त्याची किंमत आमच्या सगळ्या नुकसानीएवढी, म्हणजे सव्वा लाख रुपये होती, हे मला अर्ध्या तासाने कळलं.

कळवलं खालच्या मजल्यावरच्या काकांनी. ते बँकेतून निवृत्त झालेले, आणि वर आले होते ते त्यांच्या पीओपीच्या छतातून ठिबकणारं पाणी माझं आहे हे सांगायला. पण मी पोछा पिळताना पाहून त्यांच्यातला अधिकारी जागा झाला. ‘पुसू नका! काही पुसू नका! आधी फोटो काढा. फुटलेला पाइप फेकू नका. कर्ज घेताना बँकेने घराचा विमा गळ्यात मारला असेल ना, तो काढा.’ २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नागनदी लोकांच्या घरात शिरली, तेव्हापासून काका या विषयात तयार झालेले आहेत. त्यांच्या एका मित्राने घाईघाईत सोफा धुऊन वाळवून ठेवला होता आणि मग तो ओला झाल्याचा पुरावा शोधत बसला होता.

विमा निघाला. हप्त्यांच्या फाइलमध्ये, लग्नपत्रिकांच्या खाली. ‘भारत गृह रक्षा’ हे त्याचं नाव. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना देणं बंधनकारक झालेली ही पॉलिसी. मी ती पहिल्यांदा वाचली, ती पलंगावर मांडी घालून, कारण पाय ठेवायला कोरडी जागा नव्हती. पहिला धक्का हा की विमा घराच्या किमतीचा नसून बांधकामाच्या खर्चाचा असतो. जमीन काही वाहून जात नाही, म्हणून ती त्यात धरत नाहीत. दुसरं म्हणजे घरातलं सामानही आपोआप त्यात येतं, इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. आणि आग, वीज, भूकंप, दंगल अशा भारदस्त मंडळींच्या रांगेत शेवटी शेवटी आमचा नंबर होता: पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटणे किंवा भरून वाहणे.

‘झालं की काम!’ मी म्हणालो.

‘थांबा,’ काका म्हणाले. ‘विमा अपघाताचा असते, झिजेचा नसते. नुकसान बघायला विमा कंपनीचा सर्व्हेअर येईल आणि एकच विचारेल. पाइप अचानक फुटला, की आधीपासून गळून राहिला होता?’

आम्ही दोघांनी एकाच वेळी बायकोकडे पाहिलं.

‘मी खोटं बोलणार नाही,’ ती म्हणाली.

‘खोटं नको गं. फक्त ते वाक्य म्हणू नको.’

‘कोणतं?’

‘तुला माहीत आहे कोणतं.’

यानंतर मी टोल फ्री नंबरला फोन लावला. तिकडच्या मुलीने नुकसानीचं कारण विचारलं आणि ‘पूर आला होता का सर?’ म्हणाली. मे महिन्यात, नागपुरात. मी म्हटलं, ‘बाई, आला असता तर आम्ही ओवाळलं असतं.’ तिने दुसरं काहीतरी नोंदवलं आणि दावा क्रमांक दिला, जो आमच्या लँडलाइनपेक्षा दुप्पट लांब होता.

प्लंबरचा लेखी अभिप्राय लागतो असं काकांनी सांगितलं. आमच्या प्लंबरने पाइपाचा तुकडा कानाजवळ नेऊन हलवला. आतून गंजाचा भुगा पडला. ‘भाऊ, हे तं पुरं सडलं हाय.’

‘पण फुटला अचानक ना?’

‘फुटनं तं अचानकच असते भाऊ. सडनं हळूहळू असते.’

मला वाटतं, विमाशास्त्राची जाडजूड पुस्तकं याहून जास्त काही सांगत नसतील. पण त्याने लेटरहेडवर लिहून दिलं ते असं: ‘पाइप अचानक फुटला. कारण लय जुना होता.’ पहिल्या वाक्याने मला सव्वा लाख दिले आणि दुसऱ्याने काढून घेतले. तो कागद मी दोनदा बदलून मागितला. त्याने दोनदा तोच लिहिला, दुसऱ्यांदा ‘लय’च्या जागी ‘फार’ घालून.

सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी आले. दुपारचा एक, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, हातात मेजर टेप. तोवर दिवाणाच्या प्लायवूडने इतकं पाणी पिऊन घेतलं होतं की त्याचे कप्पे मिटत नव्हते आणि उघडतही नव्हते. त्यांनी भिंतीवरची ओल मोजली, गादी दाबली, कपाटाचा तळ ठोकला. ‘भंगारात किती जाईल?’ असं प्रत्येक वस्तूला विचारत होते, कारण ते पैसे दाव्यातून वजा होतात. मी खरं ते सांगितलं: कबाडीवाला दिवाण न्यायलाच दोनशे रुपये मागत होता. त्यांनी कीव केल्यासारखं पाहिलं आणि पाचशे वजा केले.

मग आई पुढे आली. ‘माझ्या कुरड्या लिहा.’

दिवाणाखालच्या डब्यांत तिचं वर्षभराचं वाळवण होतं. कुरड्या, मुगवड्या, सरगुंडे. सगळ्याचा एकच लगदा झाला होता.

‘बिल आहे का आजी?’

‘कुरड्यांचं बिल?’ आईचा आवाज चढला. ‘तीन दिवस गहू भिजवला, रोज पाणी बदललं, वाटला, चीक काढला, पहाटे चारला उठून शिजवला. कोण देते याचं बिल?’

सर्व्हेअरनी पेन थांबवलं. मग ‘खाद्यपदार्थ, किरकोळ’ असं लिहून समोर शून्य टाकलं. आईने ते उलट्या बाजूने वाचलं. वरच्या फळीवर वाचलेल्या एका डब्यातल्या कुरड्या तिने तरीही तळून त्यांच्यापुढे ठेवल्या. ती दया नव्हती. तो पुरावा होता. त्यांनी दुसऱ्यांदा मागितल्या, पण शून्याला हात लावला नाही.

आणि मग तो प्रश्न आला. न्हाणीघराच्या दारात उभं राहून त्यांनी माझ्याकडे न पाहता बायकोला विचारलं, ‘वहिनी, पाइप आधीपासून गळून राहिला होता का?’

मी कूलरकडे बघत राहिलो. ती पाच सेकंद गप्प बसली. बावीस वर्षांतला तो विक्रम असावा. मग बांध फुटला.

‘तीन वर्षं झाली, मी ह्यांना सांगून राहिले! प्लंबर बोलवा, प्लंबर बोलवा! काल नाही, परवा नाही, तीन वर्षं! दिवाळीला सांगितलं, संक्रांतीला सांगितलं...’

सव्वा लाख रुपये नळीतून वाहून गेल्याचा आवाज मी प्रत्यक्ष ऐकला.

‘कोणता पाइप वहिनी?’

‘हा काय, गीझरचा!’

सर्व्हेअरनी मान वर केली. गीझरचा पाइप समोरच्या भिंतीवर होता, शाबूत. त्याच्या सांध्यातून एक थेंब लोंबकळत होता, पडू की नको असा विचार करत. फुटला होता तो पलीकडच्या भिंतीतला, थंड पाण्याचा, ज्याच्याबद्दल या घरात कोणीही कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

‘म्हणजे जो फुटला त्याची काही तक्रार नव्हती?’

‘त्याची कशाला असेल?’ ती म्हणाली. ‘तो चांगला होता.’

त्यांनी लिहून घेतलं: अचानक.

पुढे काय, कॅन्सल्ड चेक, पॅन कार्ड, सुताराचं कोटेशन, रंगाऱ्याचं कोटेशन, पुन्हा कॅन्सल्ड चेक, कारण पहिल्यावर माझी सही होती आणि ती नको होती. काकांच्या पीओपीचे पैसे माझ्या पॉलिसीत बसले नाहीत. ते मी दिले, आणि हे मला काकांनीच आधी सांगून ठेवलं होतं. पोळा तोंडावर आला तेव्हा खात्यात एकसष्ट हजार जमा झाले.

सोबत अहवालाची प्रत आली. शेवटच्या पानावर एक ओळ होती: ‘गीझरच्या पाइपास जुनी गळती आढळली. विमाधारकास त्याच्या पत्नीने याची वेळोवेळी कल्पना दिलेली आहे.’ सही, शिक्का, तारीख.

बायकोने त्या पानाची झेरॉक्स काढून आणली आणि फ्रिजवर चिकटवली. तो पाइप फुटलाच तर मला एक रुपया मिळायचा नाही, हे मला काकांनी जिन्यात थांबवून समजावलं. मी त्याच दिवशी प्लंबरला फोन केला.

‘येतो ना भाऊ,’ तो म्हणाला. ‘पोळ्याची मारबत मिरवणूक निघून जाऊ द्या.’