चिकटवलेलं कार्ड 'मेलेलं' नसतं (एका प्रतिक्रियेला उत्तर)

इंग्लंडमधल्या जुन्या सिगारेट-कार्डांवर (सिगारेटच्या पाकिटातून मिळणारी छोटी चित्रं), विशेषतः १९३०च्या दशकातल्या फुटबॉलपटूंच्या कार्डांवर, मी मागचा लेख लिहिला. नवख्यांनी सुटी कार्डं हुडकत बसण्यापेक्षा भरलेला जुना अल्बम घ्यावा, असं त्यात सुचवलं होतं. त्यावर 'एक संग्राहक' अशा नावाने आलेली प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो: "अल्बममध्ये चिकटवलेलं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड. मागची बाजू दिसत नाही, मग नक्कल ओळखणार कशी? विकायला गेलात तर कुणी हात लावत नाही. डिक्सी डीनचे आकडेही चुकलेत. ज्यांना यातलं कळत नाही त्यांनी लोकांना सल्ले देऊ नयेत."

आधी डीनचं. तिथे तुमचं बरोबर आहे. १९२७-२८च्या हंगामात एव्हर्टन क्लबच्या डीनने इंग्लिश लीगमध्ये ६० गोल केले ते ३९ सामन्यांत. मी ४२ लिहिले होते. ४२ सामने संघाचे, डीन त्यातले तीन खेळला नव्हता. दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार, आणि हे मनापासून म्हणतोय.

पण ती चूक सांगायला शेवटचं वाक्य लागत होतं का? "ज्यांना यातलं कळत नाही." तुम्ही मला ओळखत नाही. मी काय पाहिलंय, किती वर्षं पाहिलंय, याची तुम्हाला कल्पना नाही. स्वतःचं नाव लिहायची तयारी नाही आणि दुसऱ्याची लायकी ठरवून मोकळे! इथे येणारी बरीच मंडळी पहिल्यांदाच काही गोळा करू बघतायत. असलं वाक्य वाचून त्यातला एखादा प्रश्न विचारायचाच सोडून देईल. मला राग आला तो त्याचा.

आता "मेलेलं कार्ड". हा शब्द मला झोंबला, खोटं कशाला बोलू.

ही कार्डं आली कुठून? सिगारेटचं पाकीट चेपू नये म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालत. त्यावर चित्र छापलं की गिऱ्हाईक पुन्हा तेच पाकीट घेतं, हे कंपन्यांच्या लक्षात आलं. साधारण ६८ बाय ३६ मिलिमीटरचं कार्ड, एका मालिकेत बहुधा ५०. बाप सिगारेट ओढायचा, कार्ड पोराचं. ज्यांच्या घरी कुणी ओढत नसे ती पोरं तंबाखूच्या दुकानाबाहेर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे कार्ड मागायची. १९३०च्या दशकात प्लेयर्स आणि विल्स या कंपन्यांनी मागे गोंद लावलेली कार्डं काढली आणि एका पेनीला अल्बम विकायला ठेवले. जीभ लावायची आणि चिकटवायचं. कार्डाच्या मागचा मजकूर अल्बममध्ये त्या-त्या चौकटीखाली पुन्हा छापलेला असायचा, म्हणजे मागची बाजू झाकली गेली तरी पोराचं काही अडू नये. कार्ड चिकटवण्यासाठीच बनवलं होतं, साहेब. जे पोराच्या हाताला लागलंच नाही, डब्यात पडून राहिलं, ते तुमच्या लेखी जिवंत?

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. फुटबॉल आमच्याकडे कुणी शिकवावा लागत नाही. तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडले की पेठेत घरी कोण राहतं? लहानपणी वर्तमानपत्रातले खेळाडूंचे फोटो कापून मी वहीत लावायचो, आईने कणकेची खळ करून दिलेली असायची. पावसाळ्यात त्या वहीला वास यायचा, कडेने बुरशी धरायची. ती वही आजही माझ्याकडे आहे. तीसुद्धा मेलेलीच म्हणायची का?

१९९९पासून मी नॉटिंगहॅममध्ये आहे. प्लेयर्सचा कारखाना याच शहरात होता. शेजारच्या आजींचे वडील तिथे कामाला होते. वारल्या त्याच्या आदल्या वर्षी आजींनी मला बोलावून त्यांच्या थोरल्या भावाचा अल्बम दिला. आर्सेनल क्लबच्या एडी हॅपगुडचं कार्ड त्यात तिरकं बसलंय, डावा कोपरा चौकटीच्या बाहेर. शेजारी पेन्सिलने लिहिलंय: 'बर्लिन ६-३'. म्हणजे १४ मे १९३८चा सामना, इंग्लंडने जर्मनीविरुद्ध जिंकलेला. हॅपगुड इंग्लंडचा कर्णधार होता, आणि सामन्याआधी सगळ्या संघाला नाझी सलाम करायला लावलं होतं. त्या सामन्यात गोल करणाऱ्या क्लिफ बॅस्टिन आणि स्टॅन्ली मॅथ्यूज यांच्या कार्डांशेजारी बारीक बरोबरच्या खुणा आहेत. सलामाबद्दल अक्षर नाही. पोराला गोल महत्त्वाचे वाटले. हे मला एकाही कोऱ्या कार्डाने सांगितलं नसतं.

तुमच्यासारख्याच एका जाणकाराच्या सांगण्यावरून २००४ साली मी दुसऱ्या एका अल्बममधली चार कार्डं कोमट पाण्यात भिजवून सोडवली होती. तीन निघाली, चौथ्याची पाठच सोलून पानाला चिकटून राहिली. तेव्हापासून मी कशालाही पाणी लावत नाही. तेव्हा अनुभव नाही असं निदान मला तरी सांगू नका.

राहिला विक्रीचा मुद्दा. मी विकत नाही, त्यामुळे त्यावर बोलायचं कारण नाही. ज्या खेळाडूंची ही चित्रं, त्यांना तेव्हा नियमानेच आठवड्याला आठ पौंडांहून जास्त पगार देता येत नव्हता. पगारावरची मर्यादा पुरती उठली ती १९६१ साली. त्यांच्या चित्रावरून आज आपण भावाची घासाघीस करायची, हे मला रुचत नाही. नकलांचं म्हणाल, तर इतकी वर्षं हाताळल्यावर कागद बोटांना कळतो.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहा, पण नाव घालून आणि जरा नीट बोला.

हॅपगुडच्या पानाचा फोटो दोघा-तिघांनी मागितलाय. रविवारी उजेड चांगला असला तर टाकतो. पेन्सिल फार फिकट झालीय, त्यामुळे पान खिडकीपाशी नेऊन तिरपं धरावं लागतं.