बोली लावून घेतलेली बाल्कनी

पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या डिसेंबरात आम्ही सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ केली. पेनांग, फुकेत आणि परत. हे आणि मी, धाकटे दीर, जाऊ आणि त्यांची कॉलेजात जाणारी लेक. केबिन मुद्दाम आतल्या घेतल्या होत्या, खिडकी नसलेल्या, समोरासमोर. बुकिंगच्या वेळी बाल्कनी माणशी १९० डॉलरने महाग होती. जाऊ म्हणाली, "ताई, केबिनमध्ये झोपण्यापलीकडे काय करायचंय? समुद्र वरच्या डेकवर फुकट आहे." सगळ्यांनाच पटलं. आतल्या केबिनच्या फोटोकडे बघून मला तर आमच्या डोंबिवलीच्या पहिल्या खोलीची आठवण आली होती आणि छान वाटलं होतं.

निघायच्या तीन आठवडे आधी मेल आली. 'तुमची केबिन अपग्रेड करण्यासाठी बोली लावा.'

ज्यांनी ही भानगड पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. जहाजावर वरच्या दर्जाच्या केबिन उरल्या असतील तर कंपनी आधीच बुकिंग केलेल्यांना विचारते, वर जायला किती द्याल? तुम्ही आकडा टाकायचा, कार्डाचा नंबर द्यायचा आणि वाट बघायची. रॉयल कॅरिबियन ही क्रूझ कंपनी याला 'रॉयलअप' म्हणते, सेलिब्रिटी नावाची कंपनी 'मूव्हअप', नॉर्वेजियन 'अपग्रेड ॲडव्हान्टेज'. बऱ्याच कंपन्यांच्या या बोलीमागे प्लसग्रेड नावाची मॉन्ट्रियलची एकच कंपनी आहे, विमानातही ती हेच काम करते. टूर कंपनीच्या ग्रुपमधून जाणाऱ्यांना ही मेल बऱ्याचदा येतच नाही, त्यामुळे तुमच्यातले अनेक जण या मोहातून आपोआप वाचलेले असतील. आमची कंपनी कोणती ते सांगत नाही, तिने नियमाबाहेर काही केलेलं नाही. माझा राग नियमावरच आहे.

मेलमधली लिंक उघडली की प्रत्येक प्रकारच्या केबिनसमोर एक सरकपट्टी. डाव्या टोकाला कमीत कमी आकडा, उजव्या टोकाला जास्तीत जास्त, आणि वर गाडीच्या पेट्रोलच्या काट्यासारखा एक काटा, 'तुमची बोली किती दमदार' हे दाखवणारा. बाल्कनीची पट्टी ७५ डॉलरपासून २४० पर्यंत होती. उघडली तेव्हा आकडा १५० वर उभा. मी काही न करता. डावीकडे सरकवलं की काटा लाल, उजवीकडे नेलं की हिरवा. अगदी कपड्यांच्या दुकानातल्या त्या मुलासारखा, 'ताई, हा पण चांगला आहे, पण तो तुम्हाला जास्त उठून दिसेल' म्हणणारा.

आता २४० हा आकडा बघा. बुकिंगच्या वेळी सरळ बाल्कनी घेतली असती तर १९० जास्त लागले असते. म्हणजे हिरव्या काट्याच्या नादाने उजव्या टोकाला गेलात तर बोलीच्या बाल्कनीसाठी दुकानातल्या बाल्कनीपेक्षा ५० डॉलर जास्त मोजाल, आणि वर लॉटरी लागल्याचा आनंदही कराल. शिवाय आकडा माणशी असतो. ७५ म्हणजे दोघांचे १५०. एकटा माणूस जात असेल तरी दोघांचे द्यायचे. केबिनमध्ये तिसरं माणूस असेल तर त्याचे मात्र बोलीत लागत नाहीत.

मी सहकारी बँकेतून रिटायर झाले, आणि सोसायटीची भिशी त्याच्याही आधीपासून चालवतेय. लिलावाची भिशी. बारा जणी, महिना ५,०००, जमतात ६०,०००. जिला नड असते ती म्हणते मी ३,००० सोडते, दुसरी म्हणते मी ४,०००. जास्त सोडणारी पैसे उचलते. पण तिने सोडलेले चार हजार आम्हा सगळ्यांत वाटले जातात, आणि कोण किती बोललं हे वहीत लिहिलेलं असतं, समोर, चकली खाता खाता. लासलगावला कांद्याचा लिलाव होतो तिथेही शेतकरी ट्रॉलीजवळ उभा राहून भाव ऐकतो. सरकारी टेंडर बंद लिफाफ्यात असलं तरी लिफाफे उघडल्यावर कोणाचा आकडा काय होता ते कळतं. या क्रूझच्या बोलीत लिफाफा उघडतो तोही कंपनीच, बंद खोलीत. किती केबिन उरल्यात, किती जण रांगेत आहेत, मागच्या खेपेला कितीला गेली, काहीच कळत नाही. आणि बोली दमदार आहे की मरतुकडी, हे सांगणारा काटा विकणाऱ्याचा.

लिलाव ही काही वेड्यांची गोष्ट नाही. २०२० चं अर्थशास्त्राचं नोबेल पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना लिलावांच्या अभ्यासासाठीच मिळालं. शहाणा बोली लावणारा आपल्या अंदाजापेक्षा आकडा खालीच का ठेवतो, हे विल्सन यांनी मांडलं: जिंकलो तर जास्त पैसे देऊन बसलो असू, ही धास्ती असते म्हणून. आमच्या भिशीतल्या जोशीकाकूंना हे नोबेलशिवाय माहीत आहे.

कंपनीचंही बरोबरच आहे म्हणा. जहाज सुटलं की रिकामी केबिन नासलेल्या दुधासारखी. आतल्या केबिनवाल्याला वर सरकवलं की त्याची स्वस्त केबिन मोकळी होते, आणि स्वस्त केबिन शेवटच्या दिवसांतही पटकन खपते. पूर्वी अशा वेळी जुन्या गिऱ्हाइकाला फुकटात वर न्यायचे. नेहमी क्रूझ करणारे या नशिबाला 'अपग्रेडची परी' म्हणायचे. परी आता काउंटरला बसली आहे.

तर मी घरात जाहीर केलं, आपण बोली लावायची नाही. दोन्ही घरांनी मान डोलावली.

निघायच्या चार दिवस आधी, रात्री साडेदहाला, यांच्या फोनवर बँकेचा मेसेज. १५० डॉलर, म्हणजे तेरा हजारांच्या आसपास, वर परदेशी चलनाचा साडेतीन टक्के चार्ज आणि त्यावर जीएसटी. मला वाटलं कार्ड चोरीला गेलं. मी ब्लॉक करायला नंबर शोधतेय आणि हे शांतपणे म्हणतात, "अगं थांब. बाल्कनी लागली वाटतं." बोली मंजूर झाली की त्याच क्षणी पैसे कापतात. मंजूर होईपर्यंत आकडा बदलता येतो, बोली मागे घेता येते, पण नंतर दार बंद. या माणसाने दोन-अडीच आठवडे हे पोटात ठेवलं होतं. निदान ७५ चीच टाकली, एवढीच काय ती लग्नाची पुण्याई.

आणि केबिन कोणती, हे आपण ठरवत नाही. बाल्कनी म्हणजे बाल्कनी. समोर लाइफबोट टांगलेली असू शकते, जहाजाच्या पार नाकाशी असू शकते, जिथे लाटांचा हेलकावा जास्त जाणवतो. आम्हाला मिळाली ती वरच्या मजल्यावर, बरोबर स्विमिंग पूलच्या डेकखाली. दीर-जाऊ आठ मजले खाली राहिले, समोरच्या केबिनमध्ये आता कोणीतरी परकं कुटुंब. पुतणीचं सगळं चार्जिंगचं सामान आमच्या बॅगेत होतं, त्यामुळे पहिले दोन दिवस ती लिफ्टमध्येच होती.

बाल्कनी सुंदर होती, खोटं कशाला बोलू. मलाक्काच्या सामुद्रधुनीत रात्री लांबवर मालवाहू जहाजांचे दिवे एका रेषेत दिसतात, हायवेवरच्या ट्रकसारखे. मी शाल घेऊन तासभर बसले. पण पहाटे साडेपाचला छतावर घर्रर्र. पूलवरच्या आरामखुर्च्या ओढून रांगेत लावत होते. रोज. चारही दिवस. हे म्हणाले, गजर लावायला नको. मी काही बोलले नाही.

माझ्या सासूबाई मुंबईहून कोकणात बोटीने जायच्या, भाऊच्या धक्क्यावरून, 'कोकण सेवक' नाहीतर 'कोकण शक्ती'. डेकवर वळकटी पसरायची, जो आधी पोहोचेल त्याची चांगली जागा. त्या सांगायच्या, हमालाच्या हातावर दोन रुपये ठेवले की तो धावत जाऊन कठड्याजवळ, वाऱ्याची जागा धरून द्यायचा. तेही अपग्रेडच. पण दर सगळ्या धक्क्याला ठाऊक असायचा. फुकेतला आमचं जहाज किनाऱ्यापासून लांब उभं राहिलं आणि लहान बोटींतून उतरवलं, तेव्हा हे म्हणाले, "पडाव!" म्हणजे कोकणात बोटीतून किनाऱ्याला नेणारी होडी. तेवढ्यापुरता मी त्यांना माफ केलं.

खरी गंमत पेनांगच्या सकाळी नाश्त्याला झाली. जाऊ जरा घुश्शातच होती, साहजिकच. ठरलं एक आणि केलं एक. मी ऑम्लेटच्या रांगेत यांच्या वतीने माफी मागत होते, एवढ्यात पुतणी म्हणाली, "पण काकू, बाबांनी पण टाकली होती ना. १५० ची." भाऊजी पपईकडे बघायला लागले. त्यांनी आकडा होता तिथेच ठेवून बटण दाबलं होतं. म्हणजे दोन सख्खे भाऊ, एकाच जहाजावरच्या बाल्कन्यांसाठी, एकमेकांना न सांगता एकमेकांविरुद्ध बोली लावत होते. आणि दुप्पट बोली हरली, निम्मी जिंकली! का? त्यांच्या केबिनमध्ये तिघं होते आणि तिघांची बाल्कनी उरली नसावी, असा आमचा अंदाज. जहाजाने काही कारण कळवलं नाही. काटा मात्र भाऊजींना 'चांगली' दाखवत होता.

मला सगळ्यात खटकतं ते पैशाचं नाहीच. ती मेल येईपर्यंत आम्ही पाचही जण आतल्या केबिनवर खूश होतो. मेलमध्ये आमच्या केबिनचा फोटो डावीकडे छोटा आणि बाल्कनीचा उजवीकडे मोठा, त्यात पांढऱ्या गाऊनमधली बाई कॉफी पितेय. त्या रात्रीपासून यांना खिडकी नसलेली खोली कोंदट वाटायला लागली. अजून जहाज पाहिलेलंही नाही! मी पैसे भरून आनंदाने घेतलेली वस्तू मला विकणाऱ्यानेच, विकून झाल्यावर, कमी करून दाखवली. साडी बांधून दिल्यावर दुकानदाराने म्हणावं, 'रंग जरा मळकटच आहे, नाही?'

ज्यांना बोली लावायचीच आहे त्यांनी आधी कंपनीच्या साइटवर किंवा एजंटकडे आजचा सरळ फरक विचारावा. डिसेंबरात हे कोणीच केलं नाही, बँकेत तीस वर्षं काढलेल्या मीसुद्धा. आकडा दोनाने गुणावा. सगळ्यात डावं टोक सोडू नये. एकत्र जाणाऱ्या घरांनी एकतर मोकळेपणाने ठरवून लावावी नाहीतर एकमेकांचे फोन तपासावेत. आणि लहान मुलं किंवा म्हातारी माणसं समोरच्या केबिनमध्ये असतील तर अजिबात लावू नये, मजले वेगळे होतात. स्वीटसाठी, म्हणजे सगळ्यात महागड्या मोठ्या केबिनसाठी, लावणाऱ्यांनी तिथली रोजची टिप जास्त असू शकते, हेही बघून घ्यावं.

जाऊ तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, खिडकी नसल्यामुळे इतका गुडुप्प अंधार होतो की ती सकाळी सव्वानऊपर्यंत झोपली. लग्नानंतर पहिल्यांदा. माझ्या डोळ्यांखाली काळं आलेलं तिने बघितलं, पण सुसंस्कृत घरातली आहे, काही बोलली नाही.

बाल्कनीतला फोटो खाली टाकलाय. चौघंही उभी आहोत, कारण खुर्च्या दोनच होत्या आणि कोणी बसायचं यावर एकमत झालं नाही. फोटो पुतणीने काढलाय, चार्जर घ्यायला आली होती तेव्हा.